पडद्यावरचा आकडा खरा असू द्या

प्रति,
टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाली करण्याचे) स्ट्रॅटेजी गेम घडवणारे डिझायनर, प्रोग्रॅमर आणि हे गेम बाजारात आणणाऱ्या कंपन्या

विषय : पडद्यावर दिसणारे टक्के आणि आत वापरले जाणारे टक्के यांतल्या तफावतीबाबत

सप्रेम नमस्कार.

निमित्त एका पॅचचं आहे. मी बरीच वर्षं खेळत असलेल्या एका डावपेचांच्या गेमची नवी आवृत्ती आली. सोबतच्या टिपणात 'बॅलन्समध्ये किरकोळ बदल' एवढीच ओळ होती. मग गेमच्या फायली उकलून पाहणाऱ्या काही उत्साही मंडळींनी शोधून काढलं, की सलग नेम चुकल्यावर पुढच्या नेमाला गुपचूप मिळणारा टेकू या आवृत्तीत काढून टाकला आहे. असा काही टेकू होता, हेच आमच्यातल्या बहुतेकांना तोवर माहीत नव्हतं. पडद्यावर आधी ७० टक्के दिसत होते, नंतरही ७०च दिसत होते. त्या ७०चा अर्थ मात्र बदलला होता. खेळाडूंनी विचारणा केली तेव्हा उत्तर मिळालं, की आतली यंत्रणा उघड केली तर खेळातली जादू जाते, म्हणून आम्ही ती सांगत नाही.

त्या कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. तिने जे केलं ते या क्षेत्रात रूढ आहे आणि माझी तक्रार त्या रूढीबद्दलच आहे.

माझा यात काय संबंध, तेही सांगते. मी संख्याशास्त्र शिकवते आणि टर्न-बेस्ड गेम हा माझा जुना नाद आहे. संभाव्यता शिकवताना फासे आणि पत्ते यांपेक्षा मुलांना या गेममधली उदाहरणं लवकर कळतात. शत्रू अर्ध्या आडोशाला आहे, नेम लागण्याची शक्यता ६५ टक्के आहे, चुकला तर पुढच्या टर्नला तुमचा जखमी सैनिक त्याच्या तावडीत सापडणार. मारायचं की मागे सरायचं? इतका चांगला प्रश्न पाठ्यपुस्तकात क्वचित सापडतो. पण एक गोष्ट मला सतत खुपते. मुलं '९० टक्के' म्हणजे 'झालंच' असं समजून वर्गात येतात. दहातला एक चुकला की त्यांना तो कुणाचा तरी लबाडपणा वाटतो. ही समजूत त्यांच्यात रुजवण्यात तुमच्या गेमचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे आणि ते का, हे पुढे येईलच.

आधी एक खुलासा. सगळंच उघडं करा, असं मी म्हणत नाही. नकाशाचा न पाहिलेला भाग अंधारातच असावा. शत्रूच्या पोतडीत काय आहे, तो पुढची चाल कुठून करणार, हे मला कळू नये. टेकडीमागे किती सैनिक दडलेत हे ठाऊक नसणं हाच तर खेळ आहे. पण त्या टेकडीवर चढल्याने माझ्या नेमाला किती फायदा होतो, हेही ठाऊक नसणं म्हणजे नियम न सांगता डावाला बसवणं. आणि फायदा अमुक आहे असं पडद्यावर लिहून आत वेगळाच हिशोब चालवणं, हे तर त्याहून पुढचं.

गेम डिझायनर म्हणतील, की छुप्या युक्त्या सगळ्याच गेममध्ये असतात. असतात. २०१७मध्ये जेनिफर शॉयर्ले या डिझायनरने ट्विटरवर आपल्या व्यवसायातल्या लोकांना अशा युक्त्या सांगायचं आवाहन केलं, तेव्हा गमतीदार कबुल्यांचा पाऊस पडला. 'डूम' आणि 'असॅसिन्स क्रीड'मध्ये आयुष्याच्या पट्टीचा शेवटचा तुकडा दिसतो त्यापेक्षा जास्त मार सोसतो. त्यामुळे आपण जेमतेम वाचलो, असं वाटत राहतं. माझी त्याला हरकत नाही. धावत्या गेममध्ये मी पट्टी मोजत बसत नाही, अंगावर येणाऱ्या राक्षसाकडे बघते. टर्न-बेस्ड गेममध्ये मात्र घड्याळ थांबलेलं असतं. मी दहा मिनिटं एकाच आकड्याकडे बघून विचार करू शकते आणि मी तसं करावं अशीच तुमची अपेक्षा असते. इथे तो आकडा सजावटीचा भाग राहत नाही. माझा सगळा निर्णय त्याच्यावर उभा असतो. धावत्या गेमची सवलत इथे मागता येत नाही ती यामुळे.

आता तक्रारी.

पहिली आणि मुख्य तक्रार वाकवलेल्या टक्क्यांची. सर्वांत माहितीतलं उदाहरण 'फायर एम्ब्लेम'चं. २००२मध्ये गेमबॉय अॅडव्हान्सवर आलेल्या 'द बाइंडिंग ब्लेड'पासून या मालिकेत नेम लागला की नाही हे ठरवायला ० ते ९९ यांतले एकाऐवजी दोन रँडम आकडे काढले जाऊ लागले. त्यांची सरासरी पडद्यावरच्या टक्क्यांपेक्षा कमी आली तर वार बसतो. ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण दोन आकड्यांची सरासरी मधल्या भागात गर्दी करते, टोकांना विरळ होते. हिशोब कुणालाही कागदावर मांडता येईल. दोन आकड्यांच्या एकूण १०,००० जोड्या होतात. पडद्यावर ९० टक्के असतील तर त्यांपैकी ९,८१० जोड्यांत वार बसतो, म्हणजे खरे टक्के ९८.१. पडद्यावरचे ७५ म्हणजे आतले ८७.७५. उलट बाजूला २५चे १२.७५ होतात आणि १० टक्क्यांचे जेमतेम २.१. फक्त ५०च्या आसपास आकडा जवळजवळ खरा राहतो.

नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे, हे मान्य. पण फायदा सारखा नाही. खेळाडूचे निवडक, पढवलेले सैनिक बहुतेकदा ८०-९० टक्क्यांनी मारतात आणि शत्रूची खोगीरभरती त्यांच्यावर २०-३० टक्क्यांनी. वरचं आणखी वर गेलं, खालचं आणखी खाली गेलं, म्हणजे दोन्हीकडून लाभ एकालाच. त्यातही गंमत अशी, की क्रिटिकल वाराला, म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इजा करणाऱ्या वाराला, हा दुहेरी हिशोब लागू नाही. तिथे एकच आकडा काढतात. त्यामुळे एकाच चौकटीत शेजारीशेजारी छापलेले दोन टक्के दोन वेगवेगळ्या भाषा बोलतात. पुढे २०१५च्या 'फेट्स'मध्ये हिशोबाची तिसरीच तऱ्हा आली. गेममध्ये यातलं अवाक्षर नाही.

'बिघडलं कुठे, तुमचाच तर फायदा होतो' हे यावरचं ठरलेलं उत्तर. काटा गिऱ्हाइकाच्या बाजूने झुकवला तरी तो खोटाच काटा, आणि इथे तर त्याच काट्यावर मी पुढची सगळी मापं शिकते. ज्याला आतला हिशोब माहीत आहे तो आपली नाजूक वैद्यीण शत्रूच्या १० टक्क्यांच्या टप्प्यात निर्धास्त उभी करतो. ज्याला माहीत नाही तो तिला मागे ठेवतो आणि एक टर्न वाया घालवतो. दोघांनी एकच पडदा पाहिला. चूक कुणाची नव्हती, पण एकाच्या हाती नकाशा होता.

दुसरी तक्रार भावनांवर चालणाऱ्या टक्क्यांची, आणि हिचं मूळ मला मनापासून समजतं. 'सिव्हिलायझेशन' या गेम-मालिकेचे जनक सिड मायर यांनी २०१०च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या बीजभाषणात 'सिव्हिलायझेशन रेव्होल्यूशन'च्या चाचण्यांचे अनुभव सांगितले होते. तीनास एक असं बलाबल दाखवलेल्या लढाईत खेळाडू हरला की तो चिडायचा. पण एकास तीन अशा लढाईत जिंकला की त्याला काहीही वावगं वाटायचं नाही. दोनास एक हरलेलं तो चालवून घ्यायचा, तर विसास दहा हरलेलं त्याला पटायचं नाही, जरी गणित तेच असलं तरी. लागोपाठ दोन लढाया हरणं तर मुळीच सहन व्हायचं नाही. मग काय केलं? आधीच्या लढाईचा निकाल पुढच्या लढाईच्या हिशोबात धरला. माणसाचं मन संभाव्यतेच्या बाबतीत किती हट्टी असतं, हे मी वर्गात रोज बघते, त्यामुळे हे भाषण मला फार आवडतं. पण निदान अचूक असलं तरी औषध चुकलं. खेळाडूला ३:१चा अर्थ कळत नाही, तर त्याचा न कळलेला अर्थच खरा करून द्यायचा, आणि पाटीवर मात्र ३:१ तसंच ठेवायचं?

परग्रहवासीयांशी लढण्याच्या 'एक्सकॉम' मालिकेत हेच धोरण पातळीनुसार चालतं. २०१२च्या 'एनिमी अननोन'मध्ये सोप्या आणि नॉर्मल पातळीवर, आणि २०१६च्या 'एक्सकॉम २'मध्ये सर्वांत वरची लेजेंड सोडून बाकी पातळ्यांवर, सलग नेम चुकले किंवा सैनिक कमी उरले की खेळाडूला छुपी मदत मिळते. दुसऱ्या भागात या मदतीचे आकडे गेमसोबतच्या कॉन्फिगरेशन फायलींत साध्या मजकुरात लिहिलेले आहेत. म्हणजे लपवाछपवी करण्याचा इरादाही फारसा नाही, फक्त ज्या पडद्यावर निर्णय घ्यायचा तिथे ते नाहीत. याचा परिणाम काय होतो बघा. नवा खेळाडू नॉर्मलवर शिकतो. ७० टक्क्यांचे सलग तीन नेम चुकणं त्याच्या वाट्याला फारसं येत नाही, कारण दोन चुकल्यावर तिसऱ्याला टेकू असतो. मग तो वरच्या पातळीवर जातो. तिथे टेकू नाही. प्रामाणिक ७० टक्क्यांचे सलग तीन नेम चुकण्याची शक्यता २.७ टक्के, म्हणजे साधारण ३७ तिकड्यांमागे एकदा. शेकडो गोळ्या झाडल्या जाणाऱ्या मोहिमेत हे वरचेवर होणारच. आणि बरोबर इथेच, गेम आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलू लागल्यावर, खेळाडू ओरडतो: 'हा गेम चीट करतोय!' त्याला दोष कसा देणार? त्याची ७० टक्क्यांची ओळख तुम्हीच खोट्या आकड्यांवर करून दिली होती.

तिसरी तक्रार लहान आहे. काही ठिकाणी खोटं काही नाही, पण अर्धवट आहे. 'अॅडव्हान्स वॉर्स'मध्ये तुकडीची ताकद १ ते १० दिसते, आत ती १ ते १००मध्ये मोजली जाते आणि वरच्या दिशेने पूर्णांकात आणून दाखवली जाते. शिवाय हल्ल्याच्या अंदाजात नशिबाचा ० ते ९ हा भाग धरलेला नसतो. 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३'मध्ये मनोधैर्य एक पायरीने वाढलं की जादा चाल मिळण्याची शक्यता २४त एक एवढी असते, पण पडद्यावर नुसतं चिन्ह आणि 'चांगलं'. 'फायर एम्ब्लेम'मध्ये लेव्हल वाढताना कुणाची कोणती ताकद किती टक्क्यांनी वाढू शकते, ते तर सांगतच नाहीत. आठ-दहा प्रकरणं ज्याच्यावर खर्च केली तो सैनिक शेवटी कच्चा निघाला तर तो त्याचा स्वभाव होता की माझं नशीब, हे कळायला मार्ग नाही. प्रत्येक गोष्ट एका टूलटिपमध्ये, म्हणजे बोट ठेवल्यावर उमटणाऱ्या छोट्या चौकटीत, मावण्यासारखी आहे.

चौथ्या तक्रारीवर मात्र मला जरा रेंगाळायचं आहे, कारण ती फारशी कुणी मांडत नाही. नियम लपवला की नियम आणि बग (प्रोग्रॅममधली चूक) यांतला फरकच नाहीसा होतो.

१९९४चा 'यूएफओ: एनिमी अननोन' घ्या, ज्याच्यापासून पुढची सगळी 'एक्सकॉम' मालिका जन्मली. त्याच्या डॉस आवृत्तीत एक बग होता. तुम्ही कोणतीही पातळी निवडा, पहिल्या लढाईनंतर गेम गुपचूप सर्वांत सोप्या पातळीवर यायचा. हे खूप काळ कुणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण पातळी बदलल्याने आत नेमकं काय बदलतं, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. लोक सर्वांत अवघड पातळी जिंकल्याचा अभिमान बाळगून होते. गेम फार सोपा आहे अशा तक्रारी झाल्या आणि पुढच्याच वर्षी आलेला दुसरा भाग कितीतरी खडतर निघाला; त्यामागे हाच बग होता, असं जुने खेळाडू मानतात. तो बग आत घुसला, राहिला, आणि कुणी त्याच्याकडे बोट दाखवू शकलं नाही.

टर्न-बेस्ड लढायांचाच पण रोल-प्लेइंग गेम असलेल्या 'पोकेमॉन'च्या १९९६च्या पहिल्या पिढीत १०० टक्के अचूक असायला हवी ती चाल २५६त एकदा चुकायची. आत अचूकता ० ते २५५मध्ये मोजली जायची आणि 'पेक्षा लहान' की 'पेक्षा लहान किंवा समान' एवढ्या तुलनेत घोळ झाला होता. मुलांना वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं.

आणि याच्या उलट टोकाला गांधींची दंतकथा. १९९१च्या पहिल्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये गांधींची आक्रमकता १ होती, लोकशाही स्वीकारल्यावर त्यातून २ वजा झाले, उणे संख्या साठवता न आल्याने ती उलटून २५५ झाली आणि गांधी अणुबॉम्ब टाकत सुटले, ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. प्रोग्रॅमिंगच्या वर्गात ओव्हरफ्लो शिकवताना ती हमखास सांगितली जाते. ती खरी नाही. २०२०मध्ये आलेल्या आत्मकथनात खुद्द सिड मायर यांनी तसा बग नव्हताच, हे स्पष्ट केलं. त्याआधी, २०१०च्या 'सिव्हिलायझेशन ५'मध्ये, मात्र गांधींचा अण्वस्त्रांकडचा कल मुद्दाम १२ ठेवला होता, जिथे इतर नेत्यांचे आकडे साधारण १० पर्यंत जातात. डिझायनरची ती थट्टा होती. म्हणजे नसलेला बग लोकांनी अनेक वर्षं खरा मानला आणि असलेल्या बगला लोक अनेक वर्षं नियम समजत राहिले. तुम्ही ज्याला जादू म्हणता, तिचं प्रत्यक्षातलं रूप बहुधा हेच असतं: अफवा. (गांधींच्या तोंडी धमक्या ऐकताना मलाही हसू येतं, ते सोडा.)

पाचवी गोष्ट एआयबद्दल, म्हणजे संगणक चालवतो त्या प्रतिस्पर्ध्याबद्दल. पातळी अवघड केली म्हणजे समोरचा हुशार झाला, असा कुणाचाही समज होईल. बहुतेकदा तो फक्त श्रीमंत होतो. 'सिव्हिलायझेशन ६'मध्ये सर्वांत वरच्या डीटी पातळीवर एआय तीन सेटलर (नवं शहर वसवणाऱ्या तुकड्या) घेऊन सुरुवात करतो, मी एक. लढाईत त्याच्या प्रत्येक तुकडीला ४ जादा ताकद. चांगला एआय लिहिणं महाकठीण आहे, हे मला ठाऊक आहे, म्हणून या सवलतीला माझा विरोध नाही. फक्त त्या पातळीच्या नावाखाली दोन ओळींत हे लिहा, म्हणजे हरल्यावर मी स्वतःच्या डोक्याला किती दोष द्यायचा ते मला ठरवता येईल. राजकारणाचंही तेच. २००५च्या 'सिव्हिलायझेशन ४'मध्ये समोरचा नेता माझ्याबद्दल काय विचार करतो, याची अधिक-उणे कारणांची छान यादी मिळायची. पण त्या यादीत न दिसणारा प्रत्येक नेत्याचा एक 'शांतीचा कल' आत दडलेला होता आणि कुणाचं कुणाशी जमणार यावर त्याचा मोठा प्रभाव होता. हे कळलं ते गेमच्या फायली आणि २००६मध्ये खुला केलेला कोड लोकांनी वाचला म्हणून. तो कोड खुला केला याबद्दल त्या संघाचे आभारच मानायला हवेत. असं करणारे थोडे.

यातून सहावी तक्रार ओघानेच येते. तुम्ही न सांगितलेलं ज्ञान नाहीसं होत नाही, ते विकीवर जातं. तिथे ते चार जाणकारांनी, रात्री जागून, हजारो वार नोंदवून किंवा कोड उलगडून लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा फक्त इंग्रजीत. ज्याला ते सापडलं, वाचता आलं, समजलं, तो एक गेम खेळतो, बाकीचे दुसरा. दोन माणसं एकमेकांविरुद्ध खेळतात तेव्हा तर हा उघड अन्याय आहे. आणि पॅच आला की ती विकीची पानं शिळी होतात, ते कुणाला कळतही नाही. ज्या पॅचपासून मी सुरुवात केली तिथे हेच झालं: ज्यांनी टेकू गृहीत धरून मोहिमा आखल्या होत्या त्यांच्या मोहिमा कोसळल्या, आणि टिपणात होतं 'किरकोळ'.

आता जादूच्या मुद्द्याकडे. खरे आकडे दाखवले तर खेळाडू नाराज होतील, ही तुमची भीती मी खोटी ठरवत नाही. माणसाला ८५ टक्क्यांचा नेम चुकलेला आवडत नाही आणि कुठलाही तास घेऊन मी ते बदलू शकलेले नाही. पण याच क्षेत्रातल्या लोकांनी खोटं न बोलता यातून वाटा काढल्या आहेत. २०१८च्या 'इनटू द ब्रीच'ने शत्रू पुढच्या टर्नला कुठे मारणार तेच दाखवून टाकलं; नशिबाला जागा ठेवली ती इमारती वाचण्याच्या एका छोट्या शक्यतेपुरती, आणि तो आकडाही पडद्यावर कायम दिसतो. त्यातलं थरारपण कमी झालं असं तो खेळलेला कुणीही म्हणणार नाही. मूळ 'यूएफओ'चे जनक ज्युलियन गॉलप यांनी २०१९च्या 'फिनिक्स पॉइंट'मध्ये टक्केच काढून टाकले आणि दोन वर्तुळं दिली: निम्म्या गोळ्या आतल्या वर्तुळात, सगळ्या बाहेरच्या वर्तुळात. मला व्यक्तिशः हे फार आवडलं. चूक कशी होणार हे डोळ्यांना आधीच दिसतं, त्यामुळे ती लबाडी वाटत नाही.

'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा मुक्त सॉफ्टवेअर असलेला गेम २००३पासून चालू आहे आणि माझ्या मते या बाबतीत सर्वांत सभ्य आहे. हल्ल्याआधी तो कोण किती ताकद घेऊन उरेल याची पूर्ण विभागणी टक्क्यांसह दाखवतो. खेळ चालू असताना आकडेवारीचं पान उघडलं की अपेक्षित नुकसान किती होतं आणि झालं किती, हे समोर येतं. कोड सगळ्यांसाठी खुला आहे. तरी लोक तिथेही नशिबावर खापर फोडतात, हे मी नाकारत नाही. फरक एवढाच, की तिथे कुणी तक्रार केली तर दुसरा म्हणतो, 'आकडेवारी उघडून बघ,' आणि वाद तिथे मिटतो किंवा निदान मुद्द्यावर येतो.

खेळाडूवर दया दाखवायची असेल तर तीही उघडपणे दाखवता येते. 'फायर एम्ब्लेम'मध्ये मेलेला सैनिक कायमचा जायचा. २०१०च्या भागापासून त्यांनी कॅज्युअल मोड दिला, ज्यात तो पुढच्या प्रकरणात परत येतो. लोकांनी तो आनंदाने निवडला. 'एनिमी अननोन'मध्ये सेव्ह पुन्हा लोड केला तरी नेमाचा निकाल तोच यायचा, कारण रँडम आकडे ज्या मूळ संख्येवरून काढले जातात ते बीज जपून ठेवलेलं असायचं. ज्यांना तसं नको त्यांच्यासाठी पुढे 'सेकंड वेव्ह' या जादा पर्यायांच्या यादीत 'सेव्ह स्कम' नावाचा पर्याय चक्क दिला होता. म्हणजे हे जमतं. ज्यांनी छुपा टेकू दिला त्यांनीच उघडा पर्यायही दिला होता.

आणि पैशाचा प्रश्न आला की हाच उद्योग आकडे छापतो. चीनने २०१७पासून आणि दक्षिण कोरियाने मार्च २०२४पासून लूट बॉक्ससारख्या (पैसे देऊन उघडायच्या, आत काय निघेल ते नशिबावर असणाऱ्या) सोडतींचे दर जाहीर करणं बंधनकारक केलं. त्यामुळे मोबाइलवरच्या टर्न-बेस्ड गेममध्ये एखादं पात्र मिळण्याची शक्यता दशांशचिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत लिहिलेली सापडते. ते पात्र विकत घेतल्यावर त्याचा वार किती टक्के बसतो, याबद्दल तितकीच काटेकोर माहिती मागितली तर जादू आडवी का यावी?

माझ्या मागण्या अशा आहेत:

१. पडद्यावर जे टक्के दाखवाल तेच आत वापरा. वाकवायचे असतील तर वाकवलेला आकडा दाखवा. फायर एम्ब्लेमच्या पद्धतीत ९०च्या जागी ९८ लिहिल्याने कुणाचंही काही बिघडत नाही.

२. छुपी मदत ठेवायचीच असेल तर पातळी निवडण्याच्या पडद्यावर ती एका ओळीत लिहा आणि बंद करायला बटण द्या. सुरुवातीला ती चालू असली तरी माझी हरकत नाही.

३. प्रत्येक वाराची नोंद उघडता येईल असा लॉग द्या: टक्के वाढवणारे-घटवणारे कोणते मॉडिफायर लागले, एकूण टक्के किती झाले, रँडम आकडा कोणता आला. ज्यांना नको ते उघडणार नाहीत.

४. लढाईची सूत्रं गेममध्येच, ज्या ज्या भाषांत गेम विकता त्या त्या भाषांत लिहा. विकीवर राबणाऱ्या खेळाडूंवर तुमच्या पुस्तिकेचं ओझं टाकू नका.

५. संभाव्यतेत केलेला कोणताही बदल पॅचच्या टिपणात जुन्या आणि नव्या आकड्यासह नोंदवा. एका टक्क्याचा असला तरी.

६. वरच्या पातळ्यांवर एआयला काय काय फुकट मिळतं, त्याची यादी द्या.

७. एखाद्या गेमची देखभाल थांबवाल तेव्हा निदान त्याची आकड्यांची कोष्टकं तरी प्रसिद्ध करा.

यांतली पाचवी मागणी पुढच्या पॅचपासून पाळता येईल. तिला नवा कोड लागत नाही, फक्त टिपण लिहिणाऱ्याची दहा मिनिटं लागतात. तिसरी सर्वांत खर्चिक आहे, तिच्यासाठी थांबायची आमची तयारी आहे. पहिलीबद्दल मात्र तडजोड मागू नका. 'आम्ही सांगत नाही' एवढं उत्तर या पत्राला पुरणार नाही. ज्यांना सांगायचं नसेल त्यांनी का नाही, ते तरी नावानिशी, जाहीरपणे लिहावं. त्यावर वाद घालायला आम्ही खेळाडू तयार आहोत.

आपली,
एक संख्याशास्त्राची शिक्षिका आणि तुमच्या गेमची जुनी गिऱ्हाईक